जावांचं घर

डूख धरावा तर थोरलीनं. शाळेत शेजारच्या बाकावरच्या मुलीनं तिचं खोडरबर नेलं आणि परत दिलं नाही. पुढे त्या मुलीचं लग्न ठरलं, थोरलीला आमंत्रण आलं. ती नटूनथटून गेली, पोटभर जेवली, नवऱ्यामुलाशी गोड बोलली आणि भेटीच्या पाकिटात एक कोरं खोडरबर घालून आली. सोबत चिठ्ठी होती, ‘हे तुला. माझं मला परत पाठव.’ ही हकिकत तिनं आपल्या नवऱ्याला संसाराच्या सुरुवातीलाच सांगून टाकली. तो आधी हसला, मग गप्प झाला, आणि तेव्हापासून तिचा टॉवेल, तिचं पेन, तिची कात्री घेतली तर जागेवर परत ठेवायला लागला.

एरवी बाई सरळ होती. कामाला वाघ, बोलायला फटकळ, आणि एकदा माणसाला आपलं म्हटलं की त्याच्यासाठी चार लोकांशी भांडणारी. एका मध्यम आकाराच्या इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर एक थंडगार खोली होती, तिथली यंत्रं ती सांभाळायची. खोलीत बारा महिने गारठा, त्यामुळे खुर्चीच्या पाठीवर तिचा तपकिरी स्वेटर कायम लटकलेला असायचा. रक्ताचा, लघवीचा, फोटोचा जो काही रिपोर्ट डॉक्टरांच्या पडद्यावर उमटायचा, तो या खोलीतून जायचा. तो वेळेवर गेला तर थोरलीचं नाव कुणी काढत नसे, आणि तिला तेच आवडायचं.

तिला थोरली म्हणायला लागले ते धाकटी आल्यापासून. धाकटी म्हणजे तिच्या दिराची बायको. एकाच घरात दोघी, खाली थोरली आणि वर धाकटी; स्वयंपाक वेगळा, पाण्याची मोटर एक. धाकटी कॉम्प्युटरचा कोर्स करून घरात बसली होती आणि बसून बसून दिराशी कुरकुर करत होती. थोरलीला ते बघवेना. तिनं मोठ्या साहेबांकडे शब्द टाकला, धाकटीला आपल्या हाताखाली लावून घेतलं आणि पहिल्या दिवशी स्वतःचा डबा अर्धा करून तिला दिला.

रिपोर्टची सगळी व्यवस्था जावा नावाच्या भाषेत लिहिलेली होती आणि लिनक्सच्या यंत्रावर चालायची. यंत्राला जावा कुठे राहते ते आधी सांगून ठेवावं लागतं. त्यासाठी एक ओळ लिहायची असते, जावा होम बरोबर अमुक पत्ता. रेकॉर्डरूमच्या कारकुनाच्या कानावर हे एकदा पडलं आणि त्याला आयतीच गंमत सापडली. जावा होम म्हणजे जावांचं घर, म्हणाला, मग तिथं दोन जावा बसल्यात यात नवल ते काय. त्या दिवसापासून वरच्या खोलीला सगळं इस्पितळ जावांचं घर म्हणायला लागलं. थोरलीही हसायची. तेव्हा दोघींचं बरं होतं.

शिकवायची मात्र ती मन लावून. स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसवून सांगायची, “हे बघ, उद्या पाणी येणार नाही असं तू तुझ्या खोलीत पुटपुटलीस, तर ते तुझ्यापुरतं राहिलं. तेच जेवताना सगळ्यांसमोर सांगितलंस, की पोरंबाळंसुद्धा बादल्या भरून ठेवतात. एक्सपोर्ट म्हणजे हे सगळ्यांसमोर सांगणं. ते केलं नाहीस तर तुझ्या हाताखाली जे चालतं त्याला पत्ता कळायचा नाही.”

“आणि पाथ?” धाकटी विचारायची.

“पाथ म्हणजे दारांची रांग. तू जावा अशी हाक मारलीस की यंत्र पहिल्या दारापासून ठोठावत सुटतं. ज्या दारात पहिली जावा भेटेल तिला कामाला लावतं. मागे दुसरी उभी असली तरी तिला कुणी विचारत नाही. आणि एक कायम ध्यानात ठेव. नवं दार जोडायचं तर जोड, पण जुनी रांग त्याच ओळीत पुन्हा लिहायची. ती राहिली की संपलं. मग साधी फाईलींची यादी मागितलीस तरी यंत्र म्हणेल, असलं काही इथं राहत नाही.”

“म्हणजे नवी सून आली म्हणून जुन्यांना घराबाहेर काढायचं नाही,” धाकटी म्हणायची आणि दोघी हसायच्या.

गेल्या वर्षी धाकटीनं नेमकं तेच केलं. एका सकाळी थोरली बँकेत गेली होती. धाकटीला काहीतरी नवं बसवायचं होतं. यंत्राच्या सगळ्यांसाठी असलेल्या फाईलमध्ये तिनं पाथची ओळ लिहिली, नवं दार घातलं आणि जुनी रांग जोडायची राहिली. त्याच दमात रिपोर्टची व्यवस्था बंद करून पुन्हा चालू केली, म्हणजे चालू करायला गेली. यंत्राला काहीच सापडेना. खाली रक्ततपासणीसमोर लोकांची गर्दी झाली, एक ऑपरेशन पुढे ढकललं गेलं, डॉक्टर मंडळी जिन्यात उभी राहून एकमेकांवर ओरडायला लागली.

थोरली धावत आली. पडद्याकडे एकदा बघितलं आणि तिला कळलं. प्रत्येक हुकमाचा अख्खा पत्ता हातानं लिहून तिनं ती फाईल उघडली, जुनी रांग परत जोडली आणि सगळं पूर्ववत चालू केलं. रस्ता पुसला गेला तरी पत्ता पाठ असला की घर सापडतं, एवढं साधं ते काम होतं. फाईल कुणी बिघडवली हे यंत्राला विचारून उपयोग नव्हता, कारण दोघी एकाच मोठ्या किल्लीनं, म्हणजे एकाच नावानं आणि पासवर्डानं, आत शिरायच्या.

दुपारी साहेबांनी बोलावलं. टेबलाभोवती पाचसहा जण. “हे कुणी केलं?” साहेबांनी विचारलं. थोरली गप्प बसली. घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला, पोरगी आपण होऊन कबूल करेल, मग आपण सांभाळून घेऊ, असा तिचा हिशेब होता.

धाकटी बोलली. आवाज अगदी मऊ होता. “सर, ताईंना हल्ली जरा विसरायला होतं. त्यांच्याकडून राहिलं असेल. मी लक्ष ठेवायला हवं होतं.”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथं चोरानंच संन्याशाच्या पाठीवरून प्रेमानं हात फिरवला होता. थोरली म्हणाली, “मी त्या फाईलला हात लावलेला नाही.” टेबलाभोवतीच्या लोकांनी एकमेकांकडे बघितलं, आणि त्या बघण्यात तिला सगळं दिसलं. चोराला मी चोर नाही म्हणता येतं. विसरणाऱ्या माणसाला मी विसरले नाही असं म्हणायची सोय नसते. ती जितकं नाही म्हणेल तितका धाकटीचा शब्द खरा होणार होता.

दुसरा कुठलाही आरोप थोरलीनं पचवला असता. पण तिच्या आईचं शेवटी असंच झालं होतं. आधी किल्ल्या, मग नावं, मग वार, आणि सरतेशेवटी स्वतःची मुलगी. आई तिला ‘तुम्ही कोण’ असं अदबीनं विचारायची आणि चहा घेणार का म्हणायची. धाकटीला हे माहीत होतं. थोरलीनंच तिला सांगितलं होतं, स्वयंपाकघरातल्या त्याच टेबलाशी बसून.

साहेबांनी तिला तळमजल्यावर पाठवलं. जिन्याखाली एक मेज, एक फोन आणि वर पाटी, मदतकक्ष. प्रिंटरमध्ये कागद अडकला, माउस चालत नाही, पासवर्ड चुकला, असल्या तक्रारी ऐकायच्या. वरच्या खोलीची प्रमुख धाकटी झाली. घरी तर कहरच. नवरा रात्री निजायच्या आधी गॅसचं बटण बघायला उठायचा, तेही पाणी प्यायला आल्याचं सोंग करून. परगावी असलेली लेक फोनवर इकडचं तिकडचं बोलता बोलता विचारायची, “आई, आज वार कुठला गं?” थोरली वार सांगायची, तारीख सांगायची, आणि वर लेकीच्या सासूचा वाढदिवस कधी असतो तेही ऐकवायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे तीही स्वतःला तपासायला लागली. बसमध्ये बसल्या बसल्या जुन्या शिक्षिकांची नावं आठवून बघायची. एखादं आलं नाही तर अंगाला घाम फुटायचा, आणि ते नाव सापडेपर्यंत ती धाकटीला शिव्या मोजायची. हे सगळं त्या सटवीनं डोक्यात भरवलंय, असं ती मनात म्हणायची. त्यात खोटंही नव्हतं.

सूड घ्यायचा हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं, फक्त कसा ते ठरत नव्हतं. तोवर किरकोळ सोय तिनं करून ठेवली. धाकटी आंघोळीला गेली आणि डोक्याला साबण लागला असेल असा अंदाज आला, की खाली मोटर बंद व्हायची. वरून हाका आल्या की थोरली म्हणायची, “अगं बाई, बंद झाली का? विसरले वाटतं.” धाकटीनं ऑफिसात काही विचारायला फोन केला, तर ती तिला शांतपणे सांगायची, “तक्रार नोंदवा. नंबर येईल.” पण यानं पोट भरत नव्हतं. तिला हवं होतं ते एकच. ज्या टेबलाभोवती ते वाक्य बोललं गेलं, त्याच माणसांसमोर धाकटीनं ते तोंडानं परत घ्यायला हवं होतं.

आणि धाकटीनं आपण होऊन मान पुढे केली.

जुनी जावा आता सुरक्षित राहिली नाही, नवी बसवा, असं रिपोर्टची व्यवस्था बनवणाऱ्या कंपनीनं कळवलं होतं. धाकटीनं नवी बसवली आणि जुनी काढून टाकली. जिन्यात दिराला ती कौतुकानं सांगताना थोरलीनं ऐकलं, “जुनीला एकदाची घालवली. आता फक्त नवी.” थोरली हातातली पिशवी घेऊन तशीच उभी राहिली.

काही दिवसांनी रक्ततपासणीतून तक्रार आली की रिपोर्ट हळू उघडतात. थोरलीची साधी किल्ली काढून घ्यायला मात्र सगळे विसरले होते, म्हणून ती बघायला आत शिरली. पासवर्ड दोनदा चुकला. कीबोर्ड जुना झालाय, ती पुटपुटली. मग आत जाऊन तिनं इकडेतिकडे बघितलं आणि खुर्चीत मागे रेलून बसली.

यंत्र सुरू होताना रिपोर्टची व्यवस्था आपोआप उभी राहायची, आणि जावाचा पत्ता वाचायची ती एका छोट्या फाईलमधून. ती फाईल थोरलीनंच पूर्वी लिहिली होती. त्यात अजून जुन्या जावाचा पत्ता होता, आणि त्या पत्त्यावर आता कुणी राहत नव्हतं. मग व्यवस्था चालली होती कशी? धाकटीनं कंपनीच्या इंजिनियरला फोन लावला असणार, त्यानं सांगितलेली एक्सपोर्टची ओळ आपल्या पडद्यावरच्या खिडकीत टंकली असणार, आणि तिथूनच व्यवस्था हातानं चालू केली असणार. कुठल्याही फाईलमध्ये काही लिहिलेलं नव्हतं. खिडकीत सांगितलेलं खिडकीबरोबर जातं. यंत्र एकदा बंद होऊन चालू झालं, की ते सरळ थोरलीची फाईल उघडणार आणि नसलेल्या घराचं दार ठोठावत बसणार.

थोरली हसली. वर्षात पहिल्यांदा ती अशी मनापासून हसली. तिला बोटही उचलायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. रुग्णांचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. आला. तिनं त्याला सांगितलं की रिपोर्ट हातानं लिहूनही देता येतात, पूर्वी देतच होते, आणि त्याला बाहेर बसवलं.

मग नोटीस लागली. विजेच्या मोठ्या पॅनेलचं काम निघालं होतं, येत्या शुक्रवारी दुपारी सगळी यंत्रं बंद करून पुन्हा चालू करायची होती. शुक्रवारी थोरलीनं ठेवणीतले कपडे काढले. नवऱ्यानं विचारलं, “आज काय विशेष?” ती म्हणाली, “काही नाही. आज वार शुक्रवार.”

यंत्रं बंद झाली, कामं उरकली, यंत्रं चालू झाली. थोरलीच्या मेजावरचा फोन वाजायला लागला तो थांबेना. “रिपोर्ट उघडत नाही.” “हो का? नोंदवून घेते हं.” इतक्या गोड आवाजात ती वर्षभरात कुणाशी बोलली नव्हती. रक्ततपासणीसमोर पुन्हा तीच गर्दी जमली. वरून साहेबांचा आवाज जिन्यातून खालपर्यंत येत होता. धाकटीचा फोन आला तेव्हा तिनं तो पुरेसा वाजू दिला आणि मग उचलला. “तक्रार नोंदवा,” ती म्हणाली.

शेवटी धाकटी स्वतः खाली आली. कपाळावर घाम आणि चेहरा उतरलेला. “ताई, जरा वर येता? कंपनीचा माणूस फोन उचलत नाहीये. मी मागच्या वेळी काय टंकलं होतं तेच मला आठवत नाही.”

“माझं काम फोन घ्यायचं.”

“ताई, प्लीज. लोक खोळंबलेत.”

“मी वर येऊन काय करणार? मला हल्ली विसरायला होतं ना गं.”

धाकटीचा चेहरा पांढरा पडला. थोरलीनं तो नीट, सावकाश बघून घेतला. फोन वाजत होता. तिनं रिसिव्हर उचलून बाजूला ठेवला.

“येते,” ती म्हणाली. “पण आधी तू सांगायचंस. साहेबांसमोर, सगळ्यांसमोर.”

“घरी गेल्यावर बोलू या का? मी ह्यांना सांगते, भावोजींना सांगते, सगळ्यांना सांगते.”

“घरी वर्षभर सगळे बोललेच आहेत. मला इथं हवंय.”

वरच्या खोलीत साहेब होते, रक्ततपासणीच्या मोठ्या डॉक्टरीणबाई होत्या, रेकॉर्डरूमचा कारकून दारात उभा होता. धाकटी खोलीच्या मधोमध उभी राहिली. “सर, गेल्या वर्षी पाथची ओळ मी बिघडवली होती,” ती म्हणाली. “ताईंनी नाही. ताई काहीही विसरल्या नव्हत्या. ते मी घाबरून बोलले.”

“दारातल्यांना ऐकू आलं नसेल,” थोरली म्हणाली. “परत सांग.”

धाकटीनं परत सांगितलं, मोठ्यानं. कारकुनानं मान खाली घातली. साहेब खाकरले, टेबलावरचं पेन उचलून पुन्हा ठेवलं. थोरलीच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिला रडू येईल असं वाटलं, पण त्याऐवजी तिला भूक लागल्यासारखं झालं. आणखी हवं होतं. हिला अजून दहा वेळा हेच बोलायला लावावं, जिन्यात, रस्त्यात, घराच्या गच्चीवर उभी करून, असं तिला वाटलं.

“बसा बाई,” साहेब म्हणाले. “तुमचीच खुर्ची आहे.”

ती बसली. खुर्चीच्या पाठीवर तिचा स्वेटर नव्हता, धाकटीची शाल होती. ती तिनं काढून खाली टाकली. समोर काळा पडदा आणि कोपऱ्यात उघडझाप करणारी रेघ. काय करायचं ते तिला स्वच्छ माहीत होतं. व्यवस्थेला विचारायचं की तू पत्ता कुठल्या फाईलमधून वाचतेस. ती फाईल उघडायची, जुना पत्ता खोडायचा, नवा लिहायचा, पुन्हा सुरू हो म्हणायचं. तिनं बोटं कीबोर्डवर ठेवली.

विचारायचं कसं? त्यासाठी एक शब्द होता. हजारदा लिहिलेला शब्द, डोक्याला न विचारता बोटं लिहायची तो. एस पासून सुरू होतो. तिनं एस लिहिला. पुढे काही आलं नाही. तिनं एस खोडला, पुन्हा लिहिला. मग फाईलच थेट उघडावी म्हणून तिचं नाव आठवायला गेली, तर तेही नव्हतं. ज्या जागी शब्द असायचे तिथं नुसती जागा होती. शिक्षिकेचं नाव हरवायचं तेव्हा काहीतरी टोक हाती लागायचं, पहिलं अक्षर, तिची पर्स, तिचा खोकला. इथं टोकच नव्हतं. मानेवरून घाम पाठीत उतरला. गारठलेल्या खोलीत तिला उकडायला लागलं.

मागे कुणीतरी घड्याळ बघितलं. “बाई,” साहेब समजुतीनं म्हणाले, “झालं ना आता तुमच्या मनासारखं? तिनं कबूल केलंय. राग सोडा. खाली लोक उभे आहेत हो.”

तिला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. त्यांना वाटत होतं की ती मुद्दाम बसून राहिलीय, धाकटीला अजून उकळत ठेवतेय. डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावरही तेच होतं, काय ही खुनशी बाई. थोरलीनं तो समज दोन्ही हातांनी धरला.

“वर्षभर मी थांबले,” ती म्हणाली. “तुम्हीही थांबा थोडं.”

खुनशी तर खुनशी. खुनशी माणसाला सगळं आठवत असतं.

पण धाकटी तिच्या खांद्यामागे उभी होती आणि तिला पडदा दिसत होता. लिहिलेला एस, खोडलेला एस, आणि पुन्हा लिहिलेला. तिला बोटंही दिसत होती. थोरलीला मान वळवायची गरज पडली नाही; मागचा श्वास अडकलेला तिला ऐकू आला. आता बोलेल, तिला वाटलं. आता म्हणेल, बघा, मी काय म्हणत होते.

“ताई,” धाकटी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मला बसू द्या. तुम्ही लिहून दिलंत तर मी पुन्हा चुकेन. तुम्ही सांगा, मी लिहिते. शिकवा मला नीट.”

थोरली उठली. कशी उठली ते तिला कळलं नाही. खुर्चीच्या पाठीला धरून ती उभी राहिली आणि शब्द नसलेलं ते सगळं तिनं साध्या बोलीत सांगितलं. “आधी व्यवस्थेला विचार, पत्ता कुठून वाचतेस.” धाकटीच्या बोटांनी तो एसचा शब्द लिहिला, पूर्ण लिहिला, आणि थोरलीला तो बघून ओळखीचा वाटला, जुन्या शेजारणीसारखा. “ही माझी फाईल. उघड. यात जुनं घर आहे, ते खोड. नवं घाल. खिडकीत नाही लिहायचं, इथंच लिहायचं. व्यवस्थेनं तुझी खिडकी कधी बघितलेली नसते. आता जतन कर आणि सुरू हो म्हण.”

रिपोर्ट उघडले. खालून कुणीतरी जिन्यात आरोळी दिली. साहेबांनी कपाळ पुसलं. “काय बाई आहे,” डॉक्टरीणबाई कारकुनाला म्हणाल्या, “हातही लावला नाही. जिनं तोंडघशी पाडलं तिलाच समोर बसवून शिकवलं. एवढं मोठं मन मला नाही बुवा जमणार.” साहेब म्हणाले की सोमवारपासून तुम्ही पुन्हा वर या, आणि मागचं सगळं पोटात घाला. थोरलीनं मान डोलावली. वर्षभर जे मागितलं ते सगळं एका दुपारी तिच्या ओंजळीत पडलं होतं, आणि ते धरायला तिला हात पुरत नव्हते.

संध्याकाळी नवरा बाहेरच्या खोलीत बातम्या ऐकत होता. त्याला इस्पितळातली हकिकत दिराकडून कळली होती. तो दोनदा आत येऊन, काही न सुचून, परत गेला होता. थोरली ओटा पुसत होती. धाकटी खाली आली आणि दारातच उभी राहिली.

“असं किती वेळा झालंय, ताई?” तिनं हळू विचारलं.

“कसं?”

धाकटीनं दाराच्या चौकटीवर बोटानं एस काढला.

“रागानं डोकं बंद होतं माणसाचं,” थोरली म्हणाली. “तुझ्यामुळेच झालं ते. वर्षभर माझ्या डोक्यात तूच तर पेरलंस.”

“असेलही. तसंच असू दे. पण एकदा दाखवून येऊ. आपल्या इस्पितळात नको, दुसरीकडे जाऊ. मी येते बरोबर.”

“म्हणजे मग पुन्हा टेबलाभोवती बसून सगळ्यांना सांगायला मोकळी.”

धाकटीचे डोळे भरून आले. “खोटं होतं म्हणून सांगू शकले, ताई,” ती म्हणाली. “आता कशी सांगेन?”

थोरलीनं फडकं पिळलं आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसायला घेतला. वर्षभर तिनं हिला उठता बसता शिव्याशाप दिले होते, पण हिचा इतका राग तिला एकदाही आला नव्हता. बाहेर बातम्या संपल्या. आतलं बोलणं आपल्या कानावर पडायला नको म्हणून की काय, नवऱ्यानं पुढच्या कार्यक्रमाचा आवाज वाढवला.

“मंगळवारी,” थोरली शेवटी म्हणाली. “आणि बसनं जायचं. तुझ्या स्कूटरवर मी बसायची नाही.”